घरगुती मसाल्यांची वेबसाइट साधी ठेवावी की आकर्षक? थीम कोणती घ्यावी?

साधी. थीमचं, म्हणजे साइटच्या तयार साच्याचं, नंतर बघू.

नाशकात मखमलाबाद रोडला माझ्या दाजींचं लॉन्स आहे. 2016 मध्ये त्यांची वेबसाइट मी करायला घेतली. माझा आराखडा एका पानाचा: माणसं किती बसतात, भाडं किती, गाड्या कुठे लावायच्या, तारखा कोणत्या मोकळ्या आणि सगळ्यात वर फोन नंबर. दाजी म्हणाले, "ही तर शाळेची नोटीस वाटते." मग आठ फोटोंचा स्लायडर आला, म्हणजे एकामागून एक आपोआप सरकणारे फोटो, वरून गुलाबपाकळ्या गळायला लागल्या, पान उघडलं की सनई. भाडं मात्र काढलं. का, तर "विचारायला फोन करतील ना!"

कसा करतील? नंबर पहिल्या फोटोतच, क्रीम रंगावर सोनेरी वळणदार आकड्यांत. बोट लावलं तरी फोन लागत नाही. एका लग्नात माझ्या शेजारच्या खुर्चीत निफाडचे एक काका बसले होते, मुलीचं नुकतंच ठरलेलं. चष्मा कपाळावर, मोबाइल नाकाशी, आणि पेनाने तळहातावर नंबर उतरवणं चाललेलं. चार आकडे झाले की फोटो सरकायचा. मग परत वाट बघायची. शेवटचा सात त्यांना एक वाटला आणि फोन लागला ओझरच्या एका ट्रॅक्टर गॅरेजला.

अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठाच्या साइटवर 2013 च्या सुमारास स्लायडरवरचे क्लिक मोजले होते. एक टक्क्याच्या आसपास लोकांनी क्लिक केलं, त्यातही बहुतेकांनी पहिल्याच फोटोवर. दाजींना दाखवलं, तर म्हणे, "तिकडे लॉन्सवर लग्नं होतात का?" सनई तर 2018 मध्ये क्रोम ब्राउझरने आपोआप वाजणारे आवाज अडवले तेव्हा थांबली. दाजी पाहुण्यांना सांगतात, मीच बंद केली.

तुमच्यासाठी एवढंच: किंमत, वजन, कुरिअर कुठवर जातं, हे वरच लिहा. व्हॉट्सॲपचं बटण अंगठ्याला सापडेल एवढं हवं. ॲपल 44 पॉइंट सांगतं, ॲण्ड्रॉइड 48 डीपी (ही दोन्ही पडद्यावरची मापं); त्याखाली जाऊ नका. अक्षर आणि मागचा रंग यांत उजळ-गडदपणाचा फरक (कॉन्ट्रास्ट) किमान 4.5 ला 1 ठेवा. मराठी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मोबाइलवर वाचता येणाऱ्या अक्षरांत, टाइप करा, त्याचा फोटो करून चिकटवू नका. ओळींमध्ये जागा इंग्रजीपेक्षा जास्त सोडा, नाहीतर वरचे उकार खालच्या वेलांट्यांत अडकतात. आणि भाव लपवू नका हो, भाव लपवला की गिऱ्हाईक फोन करत नाही, दुसरीकडे जातं.

थीम? फुकटातली, हलकी, कुठलीही. आधी घरातल्या सगळ्यात जुन्या मोबाइलवर उघडून बघा. हां, फोटोग्राफर असता तर वेगळं सांगितलं असतं; तिथे फोटो हाच माल.

ओझरचा तो गॅरेजवाला पुढे पुढे स्वतःच खरा नंबर सांगायला लागला होता, "शेवटी सात आहे, एक नाही." दाजींचं म्हणणं अजून तेच: नंबर दिसत होता की.