चौकटी दोन्ही भर

प्रिय मुली,

ऑफिसातल्या लैंगिक छळाची एचआरकडे तक्रार दिलीस म्हणून निवांत राहू नकोस. अमेरिकेत समान रोजगार संधी आयोगाकडे जायला 180 दिवस मिळतात. राज्याची स्वतःची यंत्रणा असेल तर 300. छळ सलग चालू असेल तर मोजणी शेवटच्या घटनेपासून. कंपनीची चौकशी रेंगाळली म्हणून ही मुदत थांबत नाही. ‘जरा थांबा, बघतो’ यातच दिवस सरतात.

तरी एचआरला लेखी कळवायलाच हवं. नाहीतर ‘आमच्याकडे सोय होती, तिनेच वापरली नाही’ हा बचाव कंपनीला मिळू शकतो. 1998च्या दोन निकालांनी तो दिला आहे. ईमेलमध्ये ‘अवघडल्यासारखं होतं’ असं मोघम नको, ‘लैंगिक छळ’ हेच शब्द हवेत.

आणि छळणारा ‘तुम्ही इंडियन मुली मुकाट ऐकता’ असं काही बोलला असेल, तर ते वाक्य जसंच्या तसं, त्याच्याच इंग्रजीत लिही. घाणेरडे शब्द गाळायची आपली सवय इथे नडते. आयोगाच्या अर्जावर लिंग, वंश, राष्ट्रीय मूळ, जे लागू असेल त्या प्रत्येक चौकटीत खूण कर. 1976 साली जनरल मोटर्सविरुद्ध गेलेल्या पाच कृष्णवर्णीय स्त्रियांना कोर्टाने सुनावलं, वंशाचा दावा करा किंवा लिंगाचा, दोन्हींची मोट बांधू नका. 1980मध्ये एका अपील कोर्टाने असा एकत्र दावा मान्य केला. पण अर्जात जे नाही, ते पुढे कंपनीचा वकील उभं राहू देत नाही. पैशाचाही फरक आहे: लिंगभेदाच्या केंद्रीय दाव्यात मनस्ताप आणि दंड मिळून भरपाई कंपनीच्या आकारानुसार 50 हजार ते 3 लाख डॉलरवर अडते. वंशभेदाच्या जुन्या कायद्याला, कलम 1981ला, ही मर्यादा नाही.

नोंदी त्याच दिवशी कर: वेळ, जागा, शब्द, कोण हजर होतं. कंपनीच्या लॅपटॉपवर नकोत, नोकरीवरून काढलं की तो हातून जातो. कॅलिफोर्नियात असशील तर खासगी बोलणं चोरून रेकॉर्ड करू नकोस, तिथे सगळ्यांची संमती लागते.

रागाच्या भरात राजीनामा तर नकोच. एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर असताना नोकरी सुटली की देशात राहायला साधारण 60 दिवस उरतात. आधी वकील गाठ. नोकरीच्या सहीच्या कागदांत लवादाचं कलम, म्हणजे कोर्टाऐवजी खासगी लवादाकडे जायची अट, असलं तरी 2022पासून लैंगिक छळासाठी कोर्टाचा रस्ता खुला आहे.

शेवटची घटना कोणत्या तारखेची, तेवढं आधी कळव.