क्वेरीवर क्वेरी: वजन उतरल्यावरची शस्त्रक्रिया विम्यात का अडकते?

प्रश्न: माझं वय ४१, पुण्यात राहते. २०२२ मध्ये वजन कमी करण्यासाठी जठर लहान करायची स्लीव्ह शस्त्रक्रिया झाली आणि वजन १२६ किलोंवरून ७२ वर आलं. वर्षभर ते तिथेच आहे. पण पोटाची कातडी मांडीपर्यंत लोंबते, घडीत सारखा संसर्ग होतो, शिवाय बेंबीचा हर्निया निघालाय. सर्जननी ऑपरेशन सांगितलं आहे. सव्वा महिन्यात टीपीएने (विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणारी संस्था) तीन क्वेऱ्या, म्हणजे जादा माहितीच्या विचारणा, काढल्या आणि तारीख दोनदा पुढे गेली. रुग्णालयाचा इन्शुरन्स डेस्क म्हणतो, आधी पैसे भरा, मग क्लेम टाका. पॉलिसी २०१८ पासून खंड न पडता चालू आहे. काय करू?

उत्तर: ताई, तुम्ही जोडलेल्या तिन्ही क्वेऱ्या वाचल्या. शब्द वेगळे असले तरी विचारणा एकच आहे: हे ऑपरेशन दिसण्यासाठी की दुखण्यासाठी? त्याचं सरळ उत्तर तुमच्या कागदांत कुठेच नाही, म्हणून नवे कागद पाठवले की नवी क्वेरी येते.

पॉलिसीतल्या वगळलेल्या खर्चांच्या यादीत ‘एक्सक्ल-०८’ हे कलम काढा. त्याची भाषा विमा नियामकाने ठरवून दिलेली आहे. कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरीचा खर्च मिळत नाही. मात्र अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना असेल, किंवा आरोग्याला असलेला थेट आणि तात्काळ धोका दूर करण्यासाठी ती गरजेची असेल, तर मिळतो. ही गरज उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच प्रमाणित करायची असते.

कंपनी ‘तात्काळ’ या शब्दावर अडते. तुमच्या सर्जनच्या पत्रात ‘त्वचा सैल, शस्त्रक्रियेचा सल्ला’ एवढंच आहे. त्यावर कुठलाही टीपीए होकार देणार नाही. नवं पत्र घ्या. घडीत जखमा किती वेळा झाल्या, कोणती मलमं आणि गोळ्या किती दिवस दिल्या, तरी संसर्ग का उलटतो, हर्निया केवढा आहे, थांबल्यास काय होऊ शकतं, हे सगळं त्यात तारखांसह हवं. त्वचारोगतज्ज्ञांचे केस पेपर, औषधांची बिलं, सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि वजनाच्या नोंदी सोबत लावा. फोटो समोरून, बाजूने आणि कातडी उचलून घडीतले चट्टे दिसतील असे, तारखेसह. डॉक्टरांनी जे तपासलं तेवढंच लिहावं; वाढवून लिहिलेलं जुन्या केस पेपरशी जुळलं नाही तर सगळंच संशयात येतं.

आता शस्त्रक्रियेचं नाव. प्री-ऑथ फॉर्मवर, म्हणजे आगाऊ मंजुरीच्या अर्जावर, ‘अ‍ॅबडॉमिनोप्लास्टी’ लिहिलंय, म्हणजे बोलीभाषेत टमी टक; ती दिसण्यासाठीची समजली जाते. फक्त लोंबणारी कातडी आणि चरबी काढायची असेल तर ती पॅनिक्युलेक्टॉमी. नेमकं काय करणार आहात हे सर्जनना विचारा आणि तेच लिहून घ्या. पोटाचे स्नायूही आवळायचे असतील तर त्या भागाचा खर्च स्वतः सोसायची तयारी ठेवा. हर्निया, कातडी आणि स्नायू यांचं अंदाजपत्रक वेगवेगळं मागा. एकगठ्ठा आकडा गेला तर कातडीबरोबर हर्नियाचा हक्काचा खर्चही अडकतो. अंदाजपत्रकात जीएसटी धरलाय का तेही बघा. कॉस्मेटिक सर्जरीला १८ टक्के लागतो. तो दिसला की कंपनी म्हणणार, रुग्णालयच याला कॉस्मेटिक मानतंय.

‘वजन कधीपासून जास्त होतं?’ या दुसऱ्या क्वेरीने घाबरू नका. पॉलिसीचे सलग ६० महिने झाल्यावर, सिद्ध झालेली फसवणूक सोडली तर, माहिती लपवल्याच्या कारणावरून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. (विम्याची रक्कम मध्ये वाढवली असेल तर वाढीव भागाचे महिने वेगळे मोजतात.) पण कायमस्वरूपी वगळलेल्या गोष्टींना हे संरक्षण नाही. ‘एक्सक्ल-०८’ची लढाई लढावीच लागेल. ‘एक्सक्ल-०६’ हे लठ्ठपणाचं कलम दाखवलं, तर हे वजन उतरवण्याचं ऑपरेशन नाही असं लेखी कळवा.

उशिराबद्दल. नियामकाच्या मे २०२४च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या (कंपनीने बिल थेट रुग्णालयाला देण्याच्या) विनंतीवर एका तासात निर्णय व्हायला हवा. क्वेरी म्हणजे निर्णय नव्हे, हा मुद्दा लेखी मांडा. त्याआधी डेस्ककडून प्रत्येक क्वेरीची प्रत आणि उत्तर पाठवल्याच्या ईमेलची तारीख घ्या, कारण ‘पाठवलं’ म्हणतात आणि उत्तर डेस्कच्या संगणकातच पडून असतं, हे सर्रास घडतं. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा: ‘क्लेम क्रमांक अमुक. तिन्ही क्वेऱ्यांची उत्तरं अमुक तारखांना दिली. मंजुरी द्या, किंवा पॉलिसीचं कलम नमूद करून लेखी नकार द्या.’ हीच तक्रार नियामकाच्या बीमा भरोसा या तक्रार पोर्टलवरही टाका. फोनवर मिळालेल्या आश्वासनांचा पुढे काडीचा उपयोग नाही.

डेस्कचा सल्ला अगदीच चुकीचा नाही. कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम नाकारला असं होत नाही. नंतर प्रतिपूर्ती, म्हणजे भरलेल्या पैशांची परतफेड, मागता येते. मात्र पैसे भरण्याआधी कॅशलेसचा नकार लेखी घ्या, दाखल होण्याची पूर्वसूचना ईमेलने द्या आणि कागद देण्याची मुदत पॉलिसीत बघून ठेवा. डिस्चार्ज कार्डवरचं निदान सर्जनच्या पत्राशी जुळतंय ना, हे घरी जायच्या आधी वाचा. उशिरा पैसे दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दरापेक्षा २ टक्के जास्त व्याज मागता येतं.

महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जा. नकारानंतर एक वर्षाची मुदत, मर्यादा ५० लाख रुपये, फी नाही. तिथे वकील चालत नाही, तुम्हालाच बोलावं लागेल. तारखांचा एक पानी तक्ता जवळ ठेवा. निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. ग्राहक आयोगात आधी गेलात तर लोकपालांचं दार बंद होतं, म्हणून क्रम उलटा करू नका. आयोगासाठी दोन वर्षांची मुदत आहे आणि तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच करता येते.