समाज वंशभेदाच्या पलीकडे कधी जाऊ शकतो का?

पूर्ण पुसला जाईल असं मला नाही वाटत, पण बोथट नक्की होतो. वंश म्हणजे काय दगडावरची रेघ नाहीये हो, माणसांनीच आखलेली आहे. दक्षिण आफ्रिकेत 1950 च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने प्रत्येकावर वंशाचा शिक्का मारला, आणि शंका आली की केसात पेन्सिल खुपसून बघायचे, पडली तर गोरा, अडकली तर नाही, त्यामुळे एकाच घरातली माणसंसुद्धा वेगवेगळ्या वंशात जायची! 1991 ला तो कायदा रद्द झाला, पण जमीन आणि पैसा थोडाच लगेच हलतो, तो बऱ्यापैकी आहे तिथेच राहिला.

अमेरिकेत आयरिश, इटालियन लोकांनाही एकेकाळी हलकं समजायचे, आज कोण विचारतंय. गोऱ्या-काळ्यांच्या लग्नाला 1958 मध्ये गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेच्या पाहणीत फक्त 4 टक्के लोकांचा होकार होता, 2021 ला तोच 94 टक्के. म्हणजे मतं बदलतात, चांगलीच बदलतात. पण घरांचं काय? 1930 च्या दशकात सरकारी नकाशांवर काळ्या लोकांच्या वस्त्या कर्ज द्यायला धोक्याच्या म्हणून लाल रंगाने रंगवल्या, मग तिथे गृहकर्ज मिळणं मुश्किल, घर नाही म्हणून मुलांना वारसा नाही, आणि ती दरी अजून आहे. म्हणून "आम्हाला रंग दिसतच नाही" असं कोणी म्हटलं की मला जरा हसूच येतं. नुसता भेदभाव थांबवून भागत नाही, कर्ज, शाळा, नोकऱ्या यात मुद्दाम भरपाई करावी लागते आणि नेमकी त्यावरच सगळ्यात जास्त भांडणं होतात.