मायएस्क्यूएलच्या जुन्या कोडमध्ये सबक्वेरी आणि फॉरेन की का दिसत नाहीत?

तुमच्या प्रश्नाचा गाभा असा: २००३ च्या सुमाराचा, पीएचपी (वेबसाइट लिहायची भाषा) आणि मायएस्क्यूएल (डेटाबेस) यांचा एक प्रोजेक्ट तुमच्याकडे आलाय, त्यात एकही सबक्वेरी (क्वेरीच्या आत लिहिलेली क्वेरी) नाही, फॉरेन की (एका टेबलातली नोंद दुसऱ्या टेबलात खरंच आहे ना, हे डेटाबेसनेच पाहण्याची अट) नाही, जिकडेतिकडे लेफ्ट जॉइन (पहिल्या टेबलाच्या सगळ्या ओळी घेऊन दुसऱ्याच्या जुळणाऱ्या ओळी जोडणं, न जुळल्यास तिथे रिकामं म्हणजे 'नल') आणि पीएचपीचे लूप. लिहिणाऱ्याला डेटाबेस येत नव्हता का?

येत असणार. त्या वर्षांत मीही हुबेहूब असाच कोड लिहिलाय, कारण हातातल्या मायएस्क्यूएलमध्ये या गोष्टी नव्हत्याच.

३.२३ हे व्हर्जन जानेवारी २००१ मध्ये स्थिर म्हणून आलं आणि पुढे कित्येक वर्षं स्वस्त होस्टिंगवर तेच चालत राहिलं. त्यात सबक्वेरी नव्हती, युनियन (दोन क्वेरींचे निकाल एकत्र करणं) नव्हतं, व्ह्यू (टेबलासारखी वापरता येणारी साठवलेली क्वेरी), ट्रिगर (ओळ बदलली की आपोआप चालणारा कोड), स्टोअर्ड प्रोसीजर (डेटाबेसमध्येच ठेवलेला प्रोग्राम) यांपैकी काहीच नव्हतं. ज्या ग्राहकांची एकही ऑर्डर नाही ते शोधायचे, तर आज तुम्ही 'नॉट इन' किंवा 'नॉट एक्झिस्ट्स' लिहाल. आम्ही ग्राहकांचं टेबल ऑर्डरच्या टेबलाला लेफ्ट जॉइन करायचो आणि ऑर्डरचा क्रमांक 'इज नल' असलेल्या ओळी घ्यायचो. हा मार्ग खुद्द मॅन्युअलमध्येच दिलेला होता. जे जॉइनमध्ये बसत नसे त्याच्यासाठी टेम्पररी टेबल किंवा पीएचपीचा लूप.

फॉरेन कीची गोष्ट जास्त घातक होती. 'फॉरेन की... रेफरन्सेस' लिहिलं तर मायएस्क्यूएल ते वाचायचं, एरर द्यायचं नाही आणि पाळायचंही नाही. नेहमीचा टेबल-प्रकार मायआयसॅम, त्याला ही सोयच नव्हती. त्या काळच्या मॅन्युअलमध्ये फॉरेन की का वापरू नये याची कारणं देणारा एक भागसुद्धा होता. संबंध जपणं हे प्रोग्रामरचं काम, अशीच तेव्हाची भूमिका होती. वेगासाठी ती घेतली होती हे मला मान्य आहे. पण स्वीकारायचं आणि पाळायचं नाही, हे मला तेव्हाही चुकीचं वाटायचं आणि आजही वाटतं. त्यापेक्षा सरळ एरर दिलेली बरी.

मायआयसॅममध्ये ट्रान्झॅक्शनही नव्हतं, म्हणजे अनेक बदल एकतर सगळे व्हावेत नाहीतर एकही होऊ नये, ही सोय. त्याचा चटका मला एका पतसंस्थेच्या कामात बसला. हप्ता भरला की बचत खात्यातून रक्कम वजा करायची आणि कर्ज खात्यात जमा करायची, म्हणजे एकामागून एक दोन अपडेट. भारनियमनाचे दिवस होते. एका संध्याकाळी यूपीएसची बॅटरी संपली ती नेमकी या दोन अपडेटच्या मधे. दुसऱ्या दिवशी तेरीज (खात्यांच्या जमा-नावे बेरजांचा तक्ता) जुळेना. फरक एका हप्त्याएवढाच होता, तरी रोजकीर्दीची एकेक ओळ तपासत दुपार झाली. त्यानंतर मी रोज रात्री दोन्ही बाजूंची बेरीज ताडून पाहणारी स्क्रिप्ट लावली. तुमच्या प्रोजेक्टमध्ये तसली 'ताळमेळ' करणारी फाइल दिसली तर ती घाईने उडवू नका; ट्रान्झॅक्शनच्या जागी उभी केलेली ती टेकू असेल.

इलाज तेव्हाही होता, पण दूर. फिनलंडच्या हेइकी तूरी यांनी लिहिलेलं इनोडीबी, म्हणजे मायआयसॅमऐवजी वापरता येणारा दुसरा टेबल-प्रकार, ३.२३ च्या काळातच आलं. त्यात ट्रान्झॅक्शन होतं, ओळीपुरतं लॉक होतं आणि २००१ मध्येच खरीखुरी फॉरेन कीही आली. मात्र ते 'मॅक्स' नावाच्या वेगळ्या बिल्डमध्ये मिळायचं आणि होस्टिंगवाले ते लावत नसत. ४.० मध्ये (मार्च २००३) इनोडीबी नेहमीच्या पॅकेजमध्ये आलं, युनियनही आलं. तरी सर्व्हरवर इनोडीबी बंद ठेवलेलं असलं तर 'टाइप=इनोडीबी' लिहून केलेलं टेबल गुपचूप मायआयसॅमच व्हायचं. पुन्हा तेच, हो म्हणायचं आणि करायचं नाही.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी खरी उलथापालथ झाली ती ४.१ मध्ये, ऑक्टोबर २००४ ला. सबक्वेरी याच व्हर्जनमध्ये आली, पण माझ्या लेखी त्याहून मोठी गोष्ट कॅरेक्टर सेटची, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये कशी साठवायची या पद्धतीची. त्याआधी कॉलमची लांबी बाइटमध्ये मोजली जायची, आणि यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या चालणारी तशी एक पद्धत) मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. काना, मात्रा, हलन्त हे सगळे वेगवेगळे धरून. 'महाराष्ट्र' म्हणजे दहा चिन्हं, तीस बाइट. वीस लांबीच्या व्हारकार (कमाल लांबी ठरवलेला मजकुराचा) कॉलममध्ये 'कोल्हापूर' भरलं की सहा चिन्हं पूर्ण बसायची, सातव्याचे दोनच बाइट आणि पुढचं सगळं कापलं जायचं. पडद्यावर 'कोल्हा' आणि त्यापुढे एक चौकोन. कोणतीही एरर नाही. व्हारकारची कमाल मर्यादा २५५ होती, म्हणजे मराठीची जेमतेम ८५ चिन्हं. पत्त्याला ती पुरायची नाहीत, म्हणून आम्ही पत्ता सरळ टेक्स्ट कॉलममध्ये टाकायचो. तुमच्याकडे नावगावासारखे छोटे रकाने विनाकारण टेक्स्ट दिसले तर कारण हे असू शकतं.

४.१ पासून लांबी चिन्हांत मोजली जाऊ लागली आणि प्रत्येक कॉलमला स्वतःचा कॅरेक्टर सेट मिळाला. पण जुना मराठी डेटा लॅटिन-१ (पश्चिम युरोपीय अक्षरांचा सेट) असं लेबल असलेल्या कॉलममध्ये यूटीएफ-८ बाइटच्या रूपात पडलेला होता. अपग्रेडनंतर सर्व्हर त्या बाइटना लॅटिन अक्षरं समजून त्यांचं पुन्हा यूटीएफ-८ करू लागला आणि पानभर अगम्य चिन्हं उमटू लागली. कॉलम थेट यूटीएफ-८ केला तर ही चूक कायमची डेटात मुरते. आधी तो बायनरी प्रकारात न्यायचा, म्हणजे टेक्स्टचा ब्लॉब आणि व्हारकारचा व्हारबायनरी, आणि मग यूटीएफ-८ लेबल लावून परत आणायचा. आज करत असाल तर परत आणताना यूटीएफ८एमबी४ (मायएस्क्यूएलमधलं पूर्ण यूटीएफ-८) निवडा.

५.० ऑक्टोबर २००५ चं. व्ह्यू, ट्रिगर, स्टोअर्ड प्रोसीजर एकदम आले, पण ट्रिगर करायला सुपर (सर्व्हरच्या व्यवस्थापकाचा) अधिकार लागायचा आणि शेअर्ड होस्टिंगवर तो कोण देणार? स्ट्रिक्ट मोडही याच व्हर्जनमधला: टायनीइंटमध्ये (१२७ पर्यंतचेच आकडे मावणाऱ्या कॉलममध्ये) ३०० भरलं तर मुकाट १२७ करून ठेवण्याऐवजी एरर द्यायची. तो मूळ सेटिंगमध्येच चालू मिळायला मात्र ५.७, म्हणजे २०१५ उजाडलं. इनोडीबी २०१० च्या ५.५ पासून नेहमीचा प्रकार झालं. 'चेक' (कॉलममध्ये कोणती किंमत चालेल हे सांगणारी) ही अट तर २०१९ पर्यंत, ८.०.१६ येईपर्यंत, नुसती वाचून सोडून दिली जायची.

मग २००४ नंतरच्या कोडमध्येही सबक्वेरी का नसते? कारण 'इन' मधली सबक्वेरी बाहेरच्या प्रत्येक ओळीसाठी पुन्हा चालवली जायची. टेबल मोठं असलं की क्वेरी संपता संपायची नाही. हे ५.६ मध्ये, २०१३ ला सुधारलं. तोवर ज्याने एकदा हात भाजून घेतला तो लेफ्ट जॉइनच लिहीत राहिला.

आता तुमच्या प्रोजेक्टबद्दल. बॅकअप घ्या आणि जुन्या एसक्यूएल फाइलींत 'टाइप=मायआयसॅम' असेल तर तिथे 'इंजिन=इनोडीबी' करा; 'टाइप' हा शब्द ५.५ पासून चालत नाही. टेबल खरंच इनोडीबी झालंय ना, हे 'शो टेबल स्टेटस' या कमांडने पाहा, कारण मायआयसॅम आजसुद्धा फॉरेन की वाचून सोडून देतं. फॉरेन की लावायच्या आधी पालक नसलेल्या ओळी (ज्यांची मूळ नोंद दुसऱ्या टेबलात उरलेली नाही अशा) शोधाव्या लागतील, नाहीतर अल्टर टेबल अडेल. इतक्या वर्षांत अशा ओळी साठलेल्या असणारच. त्या शोधायची क्वेरी तुमच्या जुन्या कोडमध्ये तयार आहे: लेफ्ट जॉइन आणि इज नल.