149 गुण आणि 50 टक्क्यांची अट

ऐरोलीच्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे : मुलगी नुकतीच राज्य मंडळाची बारावी उत्तीर्ण झाली असून भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र या तीन विषयांत मिळून तिला 300 पैकी 149 गुण आहेत. प्रवर्ग खुला आहे. नीटचा पेपर चांगला गेला आहे; मात्र एमबीबीएस प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत या तीन विषयांत एकत्रित 50 टक्क्यांची अट त्यांनी वाचली. ठाण्यातील एक प्रवेश सल्लागार म्हणतो की 49.67 टक्के म्हणजे 50 च धरतात. त्याच्यावर विसंबावे, की मुलीला पुन्हा परीक्षेला बसवावे?

ताई, त्याच्यावर मुळीच विसंबू नका. ओडिशातील न्यायिक सेवेच्या भरतीत 45 टक्क्यांची अट असताना एका उमेदवाराचे 44.93 टक्के गुण 45 धरण्यास सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये नकार दिला, कारण नियमांत तशी तरतूद नव्हती. ते प्रकरण भरतीचे होते. पण प्रवेशाच्या अटीलाही हाच युक्तिवाद लावला जाईल, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याहून मोठी भीती अशी की प्रवेश मिळतो, शुल्क भरले जाते आणि कागदपत्रांच्या छाननीत तो रद्द होतो.

आपल्यापुढे दोन मार्ग आहेत आणि कायद्याच्या दृष्टीने ते एकसारखे नाहीत, हे नीट समजून घ्या. पुनर्मूल्यांकनात गुण वाढले, तर दुरुस्ती त्याच परीक्षेच्या निकालात होते. त्यामुळे तो निकाल मुळापासूनच तसा होता, असे आपल्याला म्हणता येते. श्रेणीसुधारची, म्हणजे उत्तीर्ण झाल्यावर गुण वाढवण्यासाठी पुन्हा दिलेली परीक्षा मात्र नवी परीक्षा असते. तिच्या निकालाची तारीख नंतरची असते आणि त्या वर्षीच्या प्रवेशासाठी तो निकाल ठरलेल्या मुदतीत हाती असेल तरच उपयोगी पडतो. आपल्याला हवा आहे फक्त एक गुण. म्हणून आधी पहिला मार्ग धरा.

त्यासाठी प्रथम उत्तरपत्रिकांची छायाप्रत मागावी लागते, कारण तिच्याशिवाय पुनर्मूल्यांकनाचा अर्ज घेतला जात नाही, आणि छायाप्रत मिळाल्यापासून कार्यालयीन कामकाजाच्या पाच दिवसांत तो अर्ज वाशीच्या मुंबई विभागीय मंडळाकडे पोहोचावा लागतो. उत्तरपत्रिका विषय शिकवणाऱ्या शिक्षकांसमोर ठेवून एकेक पान तपासा : न तपासलेले उत्तर, पुरवणीतील गुण, आतील बेरीज आणि मुखपृष्ठावरील आकडा. कळव्याच्या माझ्या एका पक्षकाराच्या मुलाच्या जीवशास्त्राच्या उत्तरपत्रिकेत पुरवणीवरचे चार गुण मुखपृष्ठावर चढवलेच नव्हते. लाल शाईतील तो 4 मी स्वतः पाहिला आहे. अशी चूक सापडली, तर अर्जात पान आणि प्रश्न क्रमांक लिहा.

न्यायालयाकडून मात्र फार अपेक्षा ठेवू नका. नियमात नसलेले पुनर्मूल्यांकन हक्क म्हणून मागता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये याच महाराष्ट्र मंडळाच्या प्रकरणात सांगितले. 2011 च्या दुसऱ्या एका निकालाने माहिती अधिकारात स्वतःची उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क मान्य झाला, पण परीक्षकाने कमी गुण का दिले, हा वाद न्यायालय सहसा स्वतःकडे घेत नाही. बेरजेची चूक दाखवूनही मंडळ दाद देत नसेल, तरच मुंबई उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली याचिका करण्यात अर्थ आहे.

पुनर्मूल्यांकनाच्या निकालाची वाट पाहत बसू नका. जून-जुलैच्या पुरवणी परीक्षेत श्रेणीसुधारचा अर्जही कनिष्ठ महाविद्यालयामार्फत लगेच भरा. सर्व विषयांसह प्रथमच बसून उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला मंडळ लगतच्या तीन संधी देते. लेखी परीक्षेचे 70 आणि प्रात्यक्षिकाचे 30 अशी गुणांची विभागणी लक्षात घेऊन कोणत्या विषयांना बसावे लागेल, हे अर्जावर सही करण्यापूर्वी महाविद्यालयाकडून लेखी घ्या. यंदाची माहितीपुस्तिका निघताच तिच्यातील पात्रतेचे कलम आणि मूळ गुणपत्रिका दाखल करण्याची अंतिम तारीख शब्दशः वाचा. गेल्या वर्षीच्या पुस्तिकेवर हिशेब करू नका. सल्लागाराला अद्याप पैसे दिले नसतील तर देऊ नका, आणि दिले असतील तर पावती व त्याचे मोबाइलवरील संदेश जपून ठेवा.