आवाज थांबले, मग तो उठत का नाही?

स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाचे उपचार सुरू होऊन काही महिने झाले, की घरची माणसे हमखास एक प्रश्न घेऊन येतात. संशय गेला, एकट्याने बडबडणे थांबले, रात्रीची झोप लागू लागली. मग आता हा दिवसभर लोळत का पडतो? त्यापुढचे वाक्यही ठरलेले असते, की आता आजार कसला, हा निव्वळ आळस आहे. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ऋण लक्षणांची, म्हणजे आजाराने हिरावून घेतलेल्या गोष्टींची, यादी पाठ असते, पण समुपदेशनाच्या खोलीत ती लक्षणे बहुधा अशी तक्रार बनूनच येतात.

इचलकरंजीतील एका यंत्रमागधारक कुटुंबातला चोवीस वर्षांचा मुलगा या संदर्भात सांगण्याजोगा आहे. ओळख पटू नये म्हणून नाव व काही तपशील बदलले आहेत. त्याला निखिल म्हणू. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षात त्याचे मित्र तुटले, अभ्यास सुटला, आंघोळ टळू लागली. घरच्यांनी ते प्रेमभंगाच्या खाती मांडले. पुढे मागांच्या खडखडाटातून दोन माणसे आपल्याविषयी बोलत असल्याचे त्याला ऐकू येऊ लागले : ‘आता हा जिना उतरला’, ‘आता हा जेवायला बसला’. शेजाऱ्यांनी आपल्यावर पाळत ठेवली आहे अशी त्याची खात्री पटली, तेव्हा त्याने खिडकीच्या फटी वर्तमानपत्राच्या कागदाने बुजवल्या आणि मोबाइलचे सिमकार्ड काढून फेकून दिले. ‘बाहेरचं काहीतरी आहे’ म्हणून काही महिने देवऋषाकडे गेले आणि त्यानंतर तो मानसोपचारतज्ज्ञांकडे पोहोचला.

नसलेला आवाज ऐकू येणे हा भास, पुरावा देऊनही न हलणारी चुकीची खात्री हा संभ्रम, आणि बोलण्यातला धागा तुटत जाणे ही विचारांची विस्कळीतता, ही या आजाराची धन लक्षणे होत. म्हणजे मुळात नसलेली आणि आजाराने आणलेली. ‘डीएसएम-५’ या अमेरिकी निदान-पुस्तिकेनुसार निदानासाठी पाच लक्षणगटांपैकी किमान दोन महिनाभर असावी लागतात, त्यांतले एक तरी या तिघांपैकी असावे लागते आणि एकूण बिघाड सहा महिने टिकलेला असावा लागतो, जागतिक आरोग्य संघटनेची ‘आयसीडी-११’ ही आजारांची यादी मात्र एका महिन्याची मुदत पुरेशी मानते. निखिलच्या बाबतीत निदानाविषयी शंका नव्हती. रिस्पेरिडोन हे औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांत आवाज आधी दूर गेले आणि मग थांबले. तेव्हा त्याला समुपदेशनासाठी माझ्याकडे पाठवण्यात आले.

“आवाज बंद झालेत म्हणतोय, मग कारखान्यात यायला काय होतंय याला, मॅडम?” वडिलांनी खुर्चीवर बसता बसताच विचारले. आईचे म्हणणे वेगळे होते : गोळ्यांनीच पोरगा सुस्त झाला, तेव्हा गोळ्या कमी करा. निखिल जमिनीकडे पाहत होता. त्याला विचारले की एका शब्दात उत्तर मिळे, आणि ते चुकीचे नसे.

अशा वेळी आळस की आजार, एवढाच प्रश्न मांडून चालत नाही, कारण त्या लोळण्यामागे किमान चार वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. आवाज प्रत्यक्षात चालू असून रुग्ण ते लपवत असेल, तर तो माणसांत जाणे टाळतो. नैराश्य असेल, तर विचारल्यावर उदासी, अपराधभाव, कधी आत्महत्येचे विचार पुढे येतात. आजारातून सावरणाऱ्या तरुणाला आपले काय झाले हे उमगू लागते त्या काळात हा धोका मोठा असतो, म्हणून आत्महत्येचा प्रश्न थेट आणि स्पष्ट शब्दांत विचारावा. औषधाने आलेला ताठरपणा असेल, तर चालताना हात हलत नाहीत, पावले लहान पडतात, चेहरा थिजल्यासारखा दिसतो. हे सारे वगळल्यावर जे उरते ते आजाराचे स्वतःचे ऋण लक्षण : प्रेरणा आटणे, बोलणे आखडणे, चेहऱ्यावर भाव न उमटणे, आनंदाची ओढ कमी होणे, माणसांपासून दूर राहणे.

निखिलला दाराबाहेर जाऊन परत यायला सांगितले, तेव्हा त्याचा उजवा हात अंगाला चिकटलेला दिसला. हे निरीक्षण मी मानसोपचारतज्ज्ञांना लिहून कळवले. औषधाचा डोस बदलणे हे समुपदेशकाचे काम नव्हे, पण आठवड्याला तासभर रुग्णासमोर बसणाऱ्याने असे तपशील टिपणे अपेक्षितच आहे. डोस थोडा कमी झाला, ताठरपणा गेला, आईचे म्हणणे तेवढ्यापुरते खरे ठरले. उठणे मात्र तरीही होईना.

आईने सांगितलेल्या एका गोष्टीने चित्र स्पष्ट झाले. सकाळी त्याच्यासमोर चहा ठेवला की त्यावर साय धरेपर्यंत तो कपाकडे पाहत बसे. निखिलला मी विचारले, चहा नको होता का? “हवा होता,” तो म्हणाला, “पण सुरुवात होत नव्हती.” आळशी माणूस नको असलेले काम टाळतो, हव्या असलेल्या चहाला तो हात लावत नाही असे होत नाही. वडिलांना मी हाच चहा समोर ठेवून आजार समजावला. मेंदूच्या खोल भागात डोपामिन या रसायनाची क्रिया वाढली की भास व संभ्रम येतात, आणि औषधे डोपामिनचे ग्राहक, म्हणजे ते स्वीकारणाऱ्या पेशींवरच्या जागा, अडवून ती आटोक्यात आणतात. १९५२ साली क्लोरप्रोमझिन वापरात आले तेव्हापासूनच्या बहुतेक औषधांचा आधार हाच आहे. कपाळामागच्या भागात मात्र, जिथून आखणी आणि कामाची सुरुवात होते, डोपामिनची क्रिया कमी पडत असावी असा प्रचलित सिद्धान्त आहे. ज्या औषधाने आवाज थांबले त्याच औषधाने उठणे का सुरू होत नाही, याचे उत्तर बरेचसे यात आहे.

वडिलांचा पुढचा प्रश्न होता, “आमच्या घराण्यात कुणालाच नाही, मग याला कसं?” बहुतेक रुग्णांच्या जवळच्या नात्यात हा आजार नसतोच. अनुवंशाचा वाटा मोठा आहे, पण तो असंख्य जनुकांत विखुरलेला आहे. एकसारख्या जुळ्यांतही एकाला आजार असताना दुसऱ्याला तो होण्याचे प्रमाण निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून कमी आढळते. गर्भारपणातील व बाळंतपणातील गुंतागुंत, बालपणातील छळ, किशोरवयातील गांजा यांनी जोखीम वाढते. आईबापांच्या वळण लावण्यात खोट होती म्हणून हा आजार होतो, ही जुनी कल्पना टिकलेली नाही. धाकट्या बहिणीच्या लग्नाचा विषय निघालाच. सख्ख्या भावंडाला हा आजार होण्याची शक्यता सुमारे दहा टक्के सांगितली जाते, म्हणजे नव्वद टक्के न होण्याची. एवढे सांगून मी तो विषय पुढच्या भेटीवर ठेवला.

वडिलांच्या ‘आळस’ या शब्दाची किंमत केवळ भावनिक नव्हती. जॉर्ज ब्राउन यांनी लंडनमध्ये सुरू केलेल्या आणि १९७६ साली व्हॉन व लेफ यांनी पुढे नेलेल्या अभ्यासांत असे दिसले, की ज्या घरांत टीका, वैरभाव किंवा अति गुंतून जाणे जास्त, तिथे आजार उलटण्याचे प्रमाण नऊ महिन्यांत निम्म्याच्या घरात जाते आणि इतर घरांत ते बरेच कमी राहते. चंदीगडच्या अभ्यासात अशी घरे लंडनच्या तुलनेत कमी आढळली. त्यावरून आपल्या एकत्र कुटुंबाचे गोडवे गाण्याचा मोह अनेकांना होतो. मला तो पटत नाही, कारण अति गुंतून जाणे ही आपल्याकडे मायाच समजली जाते, आणि निखिलची आई त्याला भरवू लागली होती.

म्हणून ठरले ते अगदी लहान. आईने चहा पुढे ठेवावा, एकदाच ‘घे’ म्हणावे आणि उठून जावे. वडिलांनी ‘कारखान्यात ये’ म्हणणे थांबवावे. मागांचा आवाज त्याला अजून नको होता. त्याऐवजी उतरलेल्या ताग्यांचे मीटर वहीत लिहायचे काम घरी, रोज एकाच वेळी, अर्धा तास. काम राहिले तर बोलणे नाही, झाले तर ‘वही पाहिली’ एवढेच. पहिल्या आठवड्यात वही बहुतेक दिवस कोरीच राहिली आणि वडिलांना गप्प बसणे फार जड गेले. काही महिन्यांनी निखिल दोन तास हिशेब लिहू लागला. चेहरा अजून फारसा हलत नाही, मित्र परतलेले नाहीत, आणि इतक्यात परततील असेही मी घरच्यांना सांगितलेले नाही.

गोळ्या कधी थांबणार, हे आता तो स्वतः विचारतो. पहिल्या झटक्यातून बरे झालेल्यांचा पाच वर्षे मागोवा घेणाऱ्या १९९९ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात, औषध सोडणाऱ्यांना आजार उलटण्याचा धोका सुमारे पाचपट आढळला होता. ते त्याला सांगितले आणि निर्णय मानसोपचारतज्ज्ञांबरोबर बसून घ्यायचा असे ठरवले. आजार उलटण्याच्या खुणांचा कागद आम्ही फाइलला लावला आहे. त्यावर झोप तुटणे, जेवताना ताट तपासणे, फोन बंद ठेवणे या खुणा आईने सांगितल्या, आणि ‘खिडकीला कागद लावावासा वाटणे’ ही निखिलने स्वतःच्या हाताने लिहिली. यांपैकी दोन दिसल्या, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दवाखाना गाठायचा, आणि रात्री-अपरात्री काही सुचेनासे झाले तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर बोलायचे.