वाचकांचे प्रश्न : ठरावीक संघच का जिंकतात?

प्रश्न : अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये (चेंडू हातात घेऊन खेळतात तो अमेरिकी फुटबॉल) एका गटातील ठरावीक विद्यापीठेच वर्षानुवर्षे वरचढ का ठरतात?
– एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)

उत्तर : याचे मूळ खेळाडूंच्या भरतीत आहे. तेथील व्यावसायिक लीगमध्ये तळाच्या संघाला नवोदितांमधून निवडीची पहिली संधी मिळते. महाविद्यालयीन खेळाडू मात्र स्वतःच विद्यापीठ निवडतो, आणि आपल्या खानापूर-निपाणी भागातील होतकरू पैलवान जसा चांगल्या वस्तादाच्या शोधात कोल्हापूरची तालीम गाठतो, तसा तोही विजयाची परंपरा असलेल्या ठिकाणी ओढला जातो. साउथईस्टर्न कॉन्फरन्स या विद्यापीठांच्या गटातील अलाबामा विद्यापीठाने २००९ ते २०२० या काळात सहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली.

२०२१ पासून खेळाडूंना जाहिरातींतून कमाईची, तसेच एक वर्ष बाहेर न बसता विद्यापीठ बदलण्याची मुभा मिळाली. बाकावर ताटकळणाऱ्या मुलांसाठी हा न्याय फार उशिरा आला, असे मला वाटते. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी त्याच गटातील दुबळ्या मानल्या जाणाऱ्या व्हँडरबिल्टने अग्रमानांकित अलाबामाला ४०-३५ असे हरवले, तेव्हा विजेत्यांचा क्वार्टरबॅक (चढाईची सूत्रे सांभाळणारा खेळाडू) दिएगो पाविया हा न्यू मेक्सिको स्टेट विद्यापीठातून आलेला होता. अर्थात, श्रीमंत विद्यापीठेही याच वाटेने इतरांचे तयार खेळाडू ओढून नेतात.